आशियाई क्रीडासंमेलनाचें लांछन व नाशिकची छाप

गेल्या पावसाळ्यापूर्वीं नाशिकच्या जुन्या वस्तींतील एका कुटुंबाचें दफ्तर आम्हांस पाहावयास मिळालें. एकंदर चार रुमाल होते. पहिल्या तिहींत वतनासंबंधींचे कागद, कांहीं ताकीदपत्रें व हिशेबाचे ताव असा नेहमींचा ऐवज निघाला. त्याची हकीकत स्वतंत्रपणें द्यावयाची आहे. चौथा रुमाल मात्र कोणी सोडलाच नव्हता. "यांत नुसतीं टपालाचीं पाकिटें आहेत," असें सांगून घरधन्यांनीं तो बाजूस सारला होता. उघडून पाहतां शंभरावर पाकिटें निघालीं व त्यांतील बहुतेकांचा उजवा वरचा कोपरा कात्रीनें कापून नेलेला आढळला. घरांतल्या कोणा मुलास तिकिटें जमविण्याचा नाद होता. तिकिटें वहींत गेलीं, वही पुढें हरवली, आणि पाकिटें कोपऱ्यांवांचून उरलीं. एकच पाकीट त्या कात्रींतून सुटलें. त्यावर दोन आण्यांचें, दोन रंगांत छापलेलें तिकीट असून तिकिटावर पेटती मशाल व आशियाखंडाचा नकाशा आहे. टपालाच्या शिक्क्यांत मार्च महिना व १९५१ हें वर्ष एवढेंच लागतें. तारीख व गांवाचें नांव पुसलें आहे.

छापील तिकिटाचा विचार या पानांवर कशास, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्यास मुद्रा आणि मोर्तब यांचें महत्त्व ठाऊक आहे त्यास हा प्रश्न पडूं नये. कागद कोणाचा, कोणत्या अधिकारानें निघाला, आणि तो पुरा झाला कीं नाहीं, हें मजकूर वाचण्यापूर्वींच सांगणारी खूण म्हणजे मुद्रा. निशाण, नाणें, मोर्तब आणि टपालाचें तिकीट हीं एकाच कुळांतलीं आहेत. या लेखांत त्या दोन आण्यांच्या तिकिटाच्या निमित्तानें, राष्ट्राराष्ट्रांमधील क्रीडासंमेलनास लांछन कसें ठरवितात, तें कागदावर उतरवितांना काय अडचणी येतात, व नाशिकचा त्यांत वाटा कोणता, याचा विचार करावयाचा आहे.

पहिलें आशियाई क्रीडासंमेलन ता. ४ ते ११ मार्च १९५१, म्हणजे शके १८७२ च्या अखेरीस, नवी दिल्ली येथें भरलें. तें १९५० सालींच भरवावयाचें होतें, पण तयारी न झाल्यानें वर्षभर पुढें गेलें. याची मूळ कल्पना प्रो. गुरुदत्त सोंधी यांची. १९४८ सालीं लंडन येथें ऑलिंपिक सामने चालू असतां त्यांनीं आशियाई देशांच्या प्रतिनिधींपुढें ती मांडली. १९४९ च्या फेब्रुवारींत दिल्लीस संघ स्थापन झाला. अफगाणिस्तान, ब्रह्मदेश, सिलोन, भारत, इंडोनेशिया, इराण, जपान, नेपाळ, फिलिपाइन्स, सिंगापूर व थायलंड अशा ११ देशांचे ४८९ खेळाडू आले होते. या यादीकडे लिपींच्या दृष्टीनें पाहावें. देवनागरी, फारसी, ब्रह्मी लोकांची गोल अक्षरांची लिपि, सिंहली, थाई, जपानी व रोमन! अक्षरांनीं सर्वांस एकच गोष्ट सांगणें अशक्य होतें. राजाच्या मुद्रेंत श्लोक कोरतां येतो, कारण ती वाचणारा कारकून ठरलेला असतो. अशा संमेलनाच्या चिन्हास मात्र मुकेपणानेंच बोलावें लागतें.

संघानें स्वतःसाठीं सूर्य घेतला. तांबड्या बिंबास सोळा किरण व मध्यें पांढरें वर्तुळ, अशी त्याची आकृति असून "सदैव पुढें" या अर्थाचें इंग्रजी ब्रीदवाक्य सोंधी यांनींच सुचविलें. २००६ च्या सुमारास संघाच्या वारसाने, म्हणजे आशियाई ऑलिंपिक मंडळानें, आपलें चिन्ह बदललें. तरी सूर्य सोडला नाहीं. सूर्याची निवड सयुक्तिकच होती. आशिया म्हणजे उगवतीचा खंड, ही समजूत युरोपांत जुनीच आहे. आणि आमच्याकडे तर दानपत्राच्या शिळेवर सूर्यचंद्र कोरल्याशिवाय दान पुरें होत नसे. मात्र सोळा किरणांबद्दल एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. जपानच्या सैन्याच्या जुन्या ध्वजावरील सूर्यासहि सोळाच किरण आहेत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकास जपानला बोलावणें नव्हतें. युद्धानंतर अशा मोठ्या संमेलनांत त्याचे खेळाडू प्रथम आले ते दिल्लीस. सोळा हा आंकडा वर्तुळाचे समान भाग करतां करतां सहज येणारा आहे, आणि चंद्राच्या सोळा कला मोजणाऱ्या लोकांस तो परका वाटण्याचेंहि कारण नाहीं. तेव्हां या साम्यावरून कोणी कोणाचें घेतलें असा निष्कर्ष काढूं नये. पण ज्या देशांच्या भूमीवर तो जपानी ध्वज नुकताच, पांच-सात वर्षांपूर्वीं, फडकला होता त्या ब्रह्मदेश, फिलिपाइन्स व सिंगापूरच्या खेळाडूंनीं या सूर्याकडे कोणत्या नजरेनें पाहिलें असेल, हा विचार मनांत आल्याशिवाय राहत नाहीं.

आतां तिकिटाकडे वळूं. संमेलनाच्या पहिल्याच दिवशीं, ता. ४ मार्च १९५१ रोजीं, भारत सरकारच्या टपालखात्यानें दोन आणे व बारा आणे अशा किंमतींचीं दोन तिकिटें काढलीं. भारतांत खेळांवर निघालेलीं हीं पहिलीं तिकिटें होत. दोहोंचें चित्र एकच. दोन आण्यांचें जांभळट व नारिंगी-तपकिरी रंगांत, बारा आण्यांचें चॉकोलेटी व फिक्या निळ्या रंगांत. छपाई नाशिक रोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसची.

संघाचें लांछन सूर्य असतां तिकिटाचा मुख्य विषय मशाल व नकाशा कां झाला? आम्हांस सुचणारें कारण छापखान्याच्या व्यवहारांतलें आहे, व तें तर्क म्हणूनच मांडतों. तिकिटांची किंमत दुरून ओळखतां यावी म्हणून प्रत्येक किंमतीस वेगळा रंग देण्याची टपालखात्याची रीत असे. तांबडा सूर्य तांबड्या रंगांतच सूर्य असतो. तोच निळ्या शाईंत छापला तर फुल कीं चक्र कीं दांतेरी चाक, असा घोंटाळा होतो. ज्या चिन्हाचा अर्थ रंगावर टांगलेला आहे तें चिन्ह रंग बदलतांच मुकें होतें. उलट मशाल व खंडाची किनारपट्टी यांचा अर्थ बाह्यरेषेंत आहे. जांभळी मशालहि मशालच, व निळ्या आशियासहि कोणी आफ्रिका म्हणणार नाहीं. शिवाय तिकीट म्हणजे दोन बोटांत मावणारा कागद. त्यावर चित्र लहान होतां होतां सोळा किरण एकमेकांस चिकटतात. आकृति लहान होऊन टिकली पाहिजे व रंग बदलून टिकली पाहिजे, या दोन कसोट्या आजहि असें काम करणारा प्रत्येक चित्रकार लावतो.

मशालीची कुळकथा मात्र आशियाची नव्हे. ऑलिंपिकाच्या मैदानावर ज्योत प्रथम पेटली ती १९२८ सालीं ॲम्स्टरडॅमास. ग्रीसमधील ऑलिंपिया येथें आरशाच्या साह्यानें सूर्यकिरणांवर अग्नि चेतवून तो धावपटूंकरवीं हातोहात नेण्याची प्रथा १९३६ सालीं बर्लिन येथें सुरू झाली. त्याच वर्षीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक बर्लिनास जाऊन देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून आलें होतें. पांच वलयांच्या ऑलिंपिक ध्वजाची गोष्टहि अशीच. तो खेळांच्या मैदानावर पहिल्यानें १९२० सालीं अँटवर्प येथें लागला. आणि त्याच सामन्यांस दोराबजी टाटा व पुण्याचें डेक्कन जिमखाना यांच्या खटपटीनें जे हिंदी खेळाडू गेले त्यांत बेळगांवकडचे चौगुले व साताऱ्याकडचे दातार हे धावणारे होते. म्हणजे हीं दोन्ही नवीं चिन्हें जन्मतः ज्यांच्या दृष्टीस पडलीं त्यांत मराठी माणसें होतीं. १९५१ मध्यें दिल्लीच्या मैदानावर ज्योत पेटविण्याचा मान १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांतील खेळाडू ब्रिगेडियर दलीपसिंग यांस मिळाला. चिन्ह उसनें असलें तरी पेटविणारा हात घरचा होता.

येथें ग्रीसशीं तुलना करण्याचा मोह होतो. १८९६ सालीं अथेन्स येथें पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने झाले तेव्हां ग्रीक सरकारनें १२ तिकिटांची मालिका काढली. जगांत खेळांवर निघालेलीं तींच पहिलीं. त्यांवर मायरन याचा थाळीफेक्या, चार घोड्यांचा रथ, प्राक्सिटेलीस याचा हर्मीस असा सगळा प्राचीन ठेवा मांडला होता, व तिकिटांच्या उत्पन्नानें सामन्यांच्या खर्चास हातभारहि लावला. दिल्लीकरांना असें करतां आलें नसतें काय? मल्लयुद्धाचीं शिल्पें, धनुर्धर, रथ यांची आपल्याकडे वाण नाहीं. आणि हेंच नाशिकचें मुद्रणालय १९४९ सालच्या पुराणवस्तूंच्या मालिकेंत अजिंठ्याचा पट, घारापुरीची त्रिमूर्ति व विजापूरचा गोलघुमट छापून मोकळें झालें होतें. आमच्या मतें ही संधि गेली याचा थोडा खेद वाटला तरी निर्णय योग्यच होता. ग्रीस आपलें घर दाखवीत होता. दिल्ली अकरा देशांच्या वतीनें बोलत होती. यजमानानें आपलींच देवळें पुढें केलीं असतीं तर पाहुण्यांस आपण केवळ पाहुणेच, असें वाटलें असतें. नकाशांत सर्वांस जागा होती.

पुढील काळांत यजमानांनीं ही भीड सोडली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकासाठीं युसाकु कामेकुरा यानें केवळ एक मोठें तांबडें बिंब व खालीं सोनेरी पंचवलयें एवढेंच योजिलें, आणि तें आदर्श मानलें गेलें. त्याच सामन्यांत निरनिराळ्या खेळांस अक्षरांवांचून ओळखतां येतील अशीं लहान चित्रें पद्धतशीरपणें वापरलीं गेलीं. कारण तेंच, पाहुण्यांस जपानी वाचतां येत नव्हतें. दिल्लीस १९८२ सालीं नववें आशियाई संमेलन भरलें तेव्हां चिन्ह जंतरमंतराचें घेतलें. मराठ्यांच्या इतिहासांत पदोपदीं भेटणारा सवाई जयसिंग, त्याच्या वेधशाळेच्या आवारांतलें मिश्रयंत्र! सूर्य होताच, पण या वेळीं तो मोजणारें यंत्रहि होतें. आमच्या दृष्टीनें भारतांतील अशा चिन्हांत हें सर्वांत भरदार. त्याची बाह्यरेषा एकदां पाहिली कीं विसरत नाहीं. सामान्य लोकांनीं मात्र तें बाजूस ठेवून "अप्पू" नांवाच्या हत्तीच्या पिलासच डोक्यावर घेतलें. पुण्यास बालेवाडी येथें १२ ते १८ ऑक्टोबर २००८ मध्यें राष्ट्रकुल युवक क्रीडासंमेलन झालें. त्याचा "जिगर" नांवाचा वाघाचा बच्चा पुणेकरांच्या स्मरणांत असेल. प्राणी लोकांस आवडतो, हें गंजिफा रंगविणाऱ्यांसहि ठाऊक होतें.

आतां नाशिकचें प्रकरण. या प्रांतास शिक्का मारण्याची परंपरा दोन हजार वर्षांची आहे. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा जो ठेवा सांपडला त्यांत क्षहरात राजा नहपान याचीं तेरा हजारांहून अधिक नाणीं होतीं. त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपले ठसे पुन्हां मारले आहेत. नहपानाचा मुखवटा, त्याचा बाण व वज्र हीं खालीं अर्धवट दिसतात, आणि वर तीन कमानींचा डोंगर व उज्जयिनी-चिन्ह बसलेलें. राज्य बदललें हें लेखावांचून सांगण्याचा याहून रोखठोक प्रकार आम्हांस माहीत नाहीं. पुढें मोंगल व पेशवाई अमदानींत गुलशनाबाद म्हणजे नाशिक, तसेंच चांदवड, येथें टांकसाळी चालत. चांदवडी रुपया आमच्या हिशेबी कागदांत वारंवार येतो. भारताचीं टपालाचीं तिकिटें १८५५ पासून लंडन येथें दे ला रू कंपनीकडून छापून येत. १९२५-२६ मध्यें तें काम नाशिक रोडला आलें. १९२९ चीं विमानाचीं व १९३१ चीं नव्या दिल्लीच्या उद्घाटनाचीं चित्रमय तिकिटें येथलींच. तेव्हां १९५१ मध्यें क्रीडासंमेलनाचें काम हातीं आलें तेव्हां मुद्रणालयाचा हात पाव शतक सरावलेला होता.

या तिकिटांची छपाई शिळाछापाच्या वंशांतली, म्हणजे ऑफसेट पद्धतीची आहे. तिच्यांत पत्र्यावर उठाव किंवा खोलगट भाग नसतो. तेल आणि पाणी यांच्या वैरावर सर्व भिस्त असते. शाई चित्राच्या भागासच धरते व ओल्या भागास धरीत नाहीं. म्हणून भिंगाखालीं रंग सपाट व कडा एकसारख्या दिसतात. उठावाच्या ठशानें छापलेल्या तिकिटांत शाई कडेस दाबली जाऊन गडद रेघ उमटते व पाठीमागें बोट फिरविल्यास कधीं कधीं फुगवटा लागतो. फोटोग्राव्ह्यूरमध्यें सर्वत्र बारीक जाळी दिसते. ही तिसरी पद्धत नाशिकास १९५२ च्या ऑक्टोबरांत निघालेल्या संतकवींच्या मालिकेपासून सुरू झाली. (त्या सहा जणांत कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब व रवींद्रनाथ आहेत; नाशिकांत छापूनहि त्यांत एकहि मराठी संत नाहीं, हें जातां जातां सांगतों.) क्रीडासंमेलनाचें तिकीट म्हणून सपाट रंगांच्या जुन्या रीतीचें शेवटल्या शेवटल्यांतलें काम आहे. दोन रंग म्हणजे कागद दोनदां दाबाखालून जाणें. दुसऱ्या वेळीं तो केसभर सरकला तरी एका बाजूस पांढरी फट व दुसऱ्या बाजूस रंगावर रंग असा प्रकार होतो. आमच्या पाकिटावरील प्रतींत अशी फट डाव्या अंगास स्पष्ट आहे. संग्राहक तिला दोष मानतात. आम्हांस त्यांत यंत्रावर उभ्या असलेल्या कारागिराचा हात दिसतो.

कागदांत अनेक ताऱ्यांचें जलचिन्ह असतें. विलायती कागदाच्या जलचिन्हांतील सालावरून पेशवाईच्या अखेरच्या पत्रांचा काळ ठरविण्याची रीत आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. तीच येथेंहि लागू पडते. १९५८ च्या सुमारास तारे जाऊन अशोकस्तंभाचें शीर्ष आलें. सुट्या तिकिटास काळ्या तबकांत उलटें ठेवून बेंझिनचा थेंब टाकला कीं तारे दिसतात. पाकिटावर चिकटलेल्या तिकिटावर मात्र हा प्रयोग करूं नये, व जलचिन्ह पाहण्याच्या हौसेनें तें पाण्यांत सोडवूंहि नये.

याचें कारण त्या पाकिटांतील पत्रांत आहे. पत्रावर मितीहि नाहीं, सालहि नाहीं. अक्षर पाकिटावरील पत्त्याशीं जुळतें, घड्याहि पाकिटाच्या मापाशीं बरोबर बसतात, तेव्हां तें याच पाकिटांतून आलें याविषयीं शंका नाहीं. लिहिणारा आपल्या वडील भावास कळवितो कीं, वाटणीनंतर आपल्याकडे राहिलेले घरचे जुने कागद, एकंदर २१, विश्वासू माणसाबरोबर परत पाठवीत आहों. आणि खालीं त्यांची यादी देतो. त्या यादीपैकीं १४ कागद आज पहिल्या तीन रुमालांत आहेत. सात नाहींत, व त्या सातांत दोन सनदा आहेत. घरांतील समज असा होता कीं, हे कागद आजोबांच्या वेळींच, वाड्यास आग लागली तेव्हां, जळाले. आग या शतकाच्या नव्हे, मागच्या शतकाच्या तिसऱ्या दशकांतली. म्युनिसिपालिटीच्या एका कागदावर तिचें साल १९२८ असें आहे.

टपालाच्या शिक्क्यांतील तारीख पुसली असली तरी तिकीट ४ मार्चपूर्वीं अस्तित्वांतच नव्हतें. म्हणून पत्र ता. ४ ते ३१ मार्च १९५१ या अठ्ठावीस दिवसांतलें ठरतें. शिक्का नुसता ५१ असा अस्पष्ट असता तर त्याविषयीं वाद घालतां आला असता. मशाल व नकाशा यांनीं तो वाद मिटविला. अर्थात् १९५१ च्या मार्चांत त्या दोन्ही सनदा सुखरूप होत्या व कोणाच्या तरी हातीं सोंपविल्या जात होत्या. त्या आगींत गेल्या नाहींत. त्या कोठें तरी आहेत, किंवा निदान त्यांचा नाश झालाच असेल तर तो आपल्या हयातीच्या जवळपास झाला आहे.

कोपरे कापलेल्या उरलेल्या पाकिटांतहि पत्रें आहेत, त्यांपैकीं निदान नऊ त्याच हस्ताक्षरांतलीं. त्यांत "पोंचले कीं नाहीं तें कळवावें," "त्या दोहोंबद्दल अजून उत्तर नाहीं," अशीं वाक्यें येतात. तीं सनदांबद्दल आहेत कीं दुसऱ्या कशाबद्दल, हें तारखेवांचून ठरत नाहीं, आणि तारखा कोपऱ्यांबरोबर गेल्या. मुलास दोष देण्यांत अर्थ नाहीं. सनदेवरील मुद्रा सुंदर म्हणून कापून चौकटींत लावणारे प्रौढ गृहस्थहि आम्हीं पाहिले आहेत.

पाकीट आम्हीं आहे तसेंच, पत्रासह, आम्लरहित कागदाच्या घडींत ठेवून चौथ्या रुमालांत पहिल्या अनुक्रमांकावर नोंदविलें आहे. कोपरे नसलेलीं पाकिटें टाकून न देतां हस्ताक्षरवार लावलीं असून, पाठीमागें उमटणाऱ्या पोंचेच्या शिक्क्यांचा माग कांहींवर लागण्यासारखा आहे. तें काम चालू आहे. दोन सनदांचें वर्णन यादींत असें दिलें आहे: एक "लहान, लाल कापडांत, मोर्तब पुसट," दुसरी "लांब, जोड दोन ठिकाणीं." कोणाच्या संग्रहांत या वर्णनाचा कागद असल्यास त्यावरील पहिल्या दोन ओळी व जोडांच्या जागा कळवाव्या, कागद पाठविण्याची आवश्यकता नाहीं.